लाल ठिपक्याच्या गोगलगाई

गोगलगायीपुढे माणसाने हार खावी, यात तसं लाजण्यासारखं काही नाही. आमच्या थॉर्नशॉ गावात निम्मी माणसं दर उन्हाळ्यात हार खातात आणि कोबीचे उरलेले देठ उकळून जेवतात. पण ऑर्मरॉड सरांची गोष्ट वेगळी होती. गावच्या शाळेत त्यांनी सारी हयात जीवशास्त्र शिकवलं होतं. गोगलगायीच्या जिभेवर हजारो दात असतात, हे ते मुलांना दरवर्षी मोठ्या कौतुकाने सांगत. ते दात एक दिवस आपल्याच घरावर चालतील, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

काम एवढंसं होतं. डेलियाचं एक झाड ऑगस्टपर्यंत जगवायचं.

झाड सरांच्या बायकोचं, एनिडचं. तिने ते स्वतः बियांतून काढलेलं, बाजारात कुठे मिळायचं नाही. दुधाच्या चहावर कलतं ऊन पडलं तर जो रंग होईल, तसा त्याच्या फुलाचा रंग. डेलियाचं एक असतं. कंद फोडून लावला तर तेच झाड पुन्हा येतं, पाकळीचाही फरक पडत नाही. बी पेरलं तर मात्र काय उगवेल ते देवालाही विचारू नये. एनिडने वर्षानुवर्षं बी पेरलं, नको ते उपटलं, हवं ते ठेवलं, तेव्हा कुठे हा रंग हाताला लागला.

"तुझा निसर्ग निवडतो म्हणे," ती सरांना चिडवायची. "ये की मग वाफ्यावर. इथे मी निवडते, आणि तुझ्या निसर्गाहून लवकर निवडते."

हॉस्पिटलात तिने सरांना सांगितलं, "वॉल्टर, ऑगस्टच्या प्रदर्शनात त्याची तीन फुलं मांड. आणि मग त्याला नाव दे. तीन फुलं मांडता येईपर्यंत नाव द्यायचं नसतं."

"तूच दे की."

"मला वेळ नाही रे," ती म्हणाली. चुलीवर काही ठेवून आलेली बाई दारातल्या माणसाला म्हणते, तशी.

पहिल्या कडक थंडीनंतर सरांनी कंदांचे तीन गड्डे खणून काढले. तोवर एनिड नव्हती. दोन गड्डे त्यांनी नीट विचार करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, हवा लागू नये म्हणून. पिशव्या संपल्या, म्हणून तिसरा एका फुटक्या कुंडीत तसाच ठेवला. मार्चमध्ये पिशव्या उघडल्या तर आत काळा चिखल. फुटक्या कुंडीतला मात्र ठणठणीत. जगण्यामरण्यात हुशारीपेक्षा योगायोगाचा वाटा मोठा, असं सर वर्गात सांगत आले होते. तो धडा गॅरेजमध्ये, शेगडी नसलेल्या थंडीत, नाकाला रुमाल लावून स्वतःच्याच तोंडून ऐकताना त्यांना तितकासा पटला नाही.

आता झाड एकच. सगळ्या इंग्लंडात एकच.

आणि लावायचं कुठे? घराभोवती तर नुसती फरशी. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर नगरपालिका भाजीपाल्यासाठी जमिनीचे पट्टे भाड्याने देते. त्यातला एक पट्टा एनिडचा होता. सर तिथे जायचे ते चहाचा थर्मास पोचवायला. नियमाप्रमाणे धारक वारला की पट्टा कारभार पाहणाऱ्या समितीकडे परत जातो आणि रांगेतल्या पुढच्याला मिळतो. रांग एवढी लांब आहे की रांगेतलीच माणसं अधूनमधून वारतात आणि रांग तेवढीच पुढे सरकते. समितीचा सचिव क्लिफर्ड हावर्थ. सरांचाच विद्यार्थी. जीवशास्त्रात नापास झालेला, आणि हे सर विसरले असतील अशा आशेवर जगणारा.

"सर, तुमच्यासाठी एक वर्षाची सवलत काढलीय," क्लिफर्ड म्हणाला. "प्रोबेशनवर घेतो म्हणा हवं तर."

"मी सत्तरी ओलांडलीय, क्लिफर्ड."

"वयाची अट नाही, सर. फक्त पट्टा स्वच्छ पाहिजे, लागवड पाहिजे आणि शेजाऱ्याला उपद्रव नको. एवढं पाळलंत तर पुढच्या वर्षी कायम करून टाकू." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुमचा एक धडा अजून आठवतो मला. तुम्ही मैदानावर लाल आणि हिरव्या लोकरीचे तुकडे टाकले होते आणि आम्हाला सांगितलं होतं, तुम्ही चिमण्या, वेचा अळ्या. आम्ही सगळ्या लाल वेचल्या, हिरव्या गवतात तशाच राहिल्या."

"आणि त्यावरून काय कळलं?"

"ते नाही आठवत, सर," क्लिफर्ड प्रामाणिकपणे म्हणाला.

मग तो पट्ट्याची पाहणी करत पाण्याच्या नळापाशी आला. तिथे एक चपटा करडा दगड होता आणि भोवती शंखांचा चुरा पडलेला.

"हा सुटा दगड हलवावा लागेल. कोणी अडखळलं तर?"

"आजवर कोण अडखळलं?"

"तशी नोंद नाही. म्हणून तर काळजी वाटते."

सरांनी दगड ढकलत ढकलत पत्र्याच्या खोपटामागे नेला, चुरा झाडून काढला, आणि जागा कशी लख्ख झाली म्हणून त्यांना बरंही वाटलं. तो दगड कशाचा, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. ठिपक्यांचा कस्तुर पक्षी गोगलगाय चोचीत धरून आणतो आणि ठरावीक दगडावर आपटून शंख फोडतो. ते चित्र सरांनी फळ्यावर कितीदा काढलं होतं. पण फळ्यावरच्या दगडाला बाण असतो आणि बाणापुढे नाव लिहिलेलं असतं.

मे महिन्यात डेलियाला कोंब फुटले. दुसऱ्या सकाळी सर गेले तर एका कोंबाच्या जागी नुसता खुंट, आणि त्याभोवती चांदीच्या तारेसारखी चकाकणारी रेघ.

शेजारचा पट्टा डोरीन एन्टविसलचा. ती एनिडची जुनी मैत्रीण, आणि सल्ला देण्याच्या कामी तिला कधी कोणी थांबवू शकलेलं नाही.

"अंड्याची टरफलं टाक, राजा. पायाला टोचतात त्यांच्या."

सरांनी आठवडाभर रोज दोन अंडी खाल्ली. गोगलगाई टरफलांवरून सावकाश, दिमाखात चालत गेल्या. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण ज्याने काढली त्याला पायांची ताकद पुरती कळलेली नव्हती.

"मग बशीत बिअर ठेव. पडतात त्यात आणि मरतात."

सर पबमध्ये जाऊन अर्धा ग्लास बिअर बाटलीत भरून मागू लागले, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने त्यांच्याकडे जरा दुःखाने पाहिलं. बायको गेल्यावर माणसाचं असं होतं, हे त्याने पाहिलेलं होतं. "इथेच बसून घ्या सर, घरी एकटे नका पिऊ," तो हळूच म्हणाला. ही माझ्यासाठी नाही, गोगलगाईंसाठी आहे, असं सांगून काही सुधारलं नसतं. सर बसले आणि प्यायले. घोटभर उरली ती वाफ्यावर नेली. त्यात एक माशी मेली.

शेवटी सरांनी सगळे करतात तेच केलं. आमच्या टेकडीवर जुनी रीत आहे. संध्याकाळी परतताना आपल्या पट्ट्यावरच्या गोगलगाई वेचायच्या आणि कुंपणावरून शेजाऱ्याकडे फेकायच्या. शेजारीही तेच करतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. सभ्यता एवढीच की फेकताना इकडे तिकडे पाहू नये.

पण सर पडले विज्ञानाचे. रोज फेकतो तेवढ्याच रोज सापडतात, म्हणजे त्याच परत येतात की नव्या येतात? हा प्रश्न त्यांना जेवू देईना. खूण करायला रंग हवा होता. घरात शोधता शोधता एनिडच्या आरशापुढे लाल नेलपॉलिशची बाटली सापडली, तळाशी थोडं उरलेली. ती हातात घेऊन सर बराच वेळ पलंगाच्या कडेला बसले. मग त्यांनी स्वतःला समजावलं की हे तिच्याच झाडासाठी आहे. संध्याकाळी प्रत्येक गोगलगायीच्या पाठीवर एकेक लाल ठिपका देऊन त्यांनी ती डोरीनकडे रवाना केली. शेवटच्या दोन-तीन ठिपक्यांना तर ब्रश बाटलीच्या बुडाला खरवडावा लागला.

ठिपकेवाल्या परत आल्या. सगळ्या नाही, पण आल्या. गोगलगायीला घर कळतं, ही गोष्ट सिद्ध झाली. ज्या परत आल्या नाहीत, त्या काय करत होत्या, तेही दोनच दिवसांत सिद्ध झालं.

"वॉल्टर," डोरीन कुंपणाशी येऊन म्हणाली. तिच्या हातात बशी होती. "माझ्या लेट्यूसमध्ये तुझी गोगलगाय निघाली."

"माझी कशावरून?"

"हे नेलपॉलिश मी ओळखते. एनिडच्या साठाव्या वाढदिवसाला मीच दिलं होतं." ती बशीकडे पाहत राहिली. तिचा राग कुठेतरी मधेच अडला असावा. "माझ्याकडे फेकलीस त्याचं काही नाही रे. मीही तुझ्याकडेच फेकते. पण तिचं नेलपॉलिश."

सरांनी कुंपणावरून हात करून बशी घेतली.

डोरीनने तक्रार केली नाही. पण पलीकडच्या पट्ट्यावरही ठिपके निघाले, त्याच्या पलीकडेही निघाले, आणि गोष्ट समितीपुढे गेली. समिती भरते चर्चच्या मागच्या खोलीत, लहान मुलांच्या खुर्च्यांवर. सर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. समोर जॅमच्या बरणीत पुरावा चालत होता.

"सर, फेकतात सगळेच," क्लिफर्ड कळवळून म्हणाला. "पण खूण करून कोणी फेकत नाही हो. आता मला शेजाऱ्याला उपद्रव म्हणून लिहावंच लागतं. आणखी एकदा झालं तर पट्टा जाईल."

"तो माझा प्रयोग होता."

"तसं लिहू का?"

"नको," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच प्रयोग लिहून ठेवायला त्यांनी नकार दिला.

तेव्हापासून सर बादली घेऊन यायचे. पाऊस उघडला की वाकून वाकून गोगलगाई वेचायच्या, बसने पुलापलीकडच्या माळावर न्यायच्या आणि तिथे सोडायच्या. बसमध्ये बादली मांडीवर. झाकण वर उचललं जायचं तेव्हा ते खाली दाबायचे. शेजारच्या बाया उठून उभ्या राहायच्या. एकेकाळी ज्यांना पाहून रस्त्यातली पोरं शर्ट खोचायची त्या माणसाला आता ड्रायव्हर विचारायचा, "आजची सवारी कशी आहे सर, खुशीत?"

पण बादली दिवसेंदिवस हलकी होऊ लागली. जूनअखेर वाफ्यावर एकही गोगलगाय दिसेना. डेलियाला कळी धरली. त्या रविवारी ब्रिस्टलहून मुलीचा, जिलियनचा, नेहमीचा फोन आला. "बाबा, जेवलात का?" यापलीकडे त्यांचं बोलणं सहसा जात नसे. पण त्या दिवशी सरांनी तिला कळीबद्दल सांगितलं, आणि आपण प्रदर्शनाला ये म्हणून कधी म्हणालो, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

जुलैच्या पहिल्या पावसाळी सकाळी डोरीनने रिकाम्या बादलीत डोकावून पाहिलं.

"गंमत आहे. तुझ्या बादलीत बघावं तेव्हा सगळ्या पिवळ्याच असायच्या. माझ्याकडे आताशा सगळ्या मातकट. हाताला लागतात तेव्हा कळतात, दिसत म्हणून नाहीत."

सर खोपटाच्या पायरीवर बसले.

धडा खरं तर चार ओळींचा आहे. एनिड म्हणायची, चार ओळींच्या धड्याला तू आख्खं वर्ष लावतोस. एकाच जातीत रंगरूपाचे फरक असतात. ते फरक आईबापांकडून येतात. जन्मतात तितकी जगत नाहीत. आणि जी कोणाच्या तरी नजरेतून सुटतात, त्यांचीच पोरं पुढे चालतात. कोणी ठरवत नाही, कोणी योजत नाही. सर मैदानावर हेच शिकवत आले होते, शिट्टी वाजवत, छत्री धरून. आणि इथे दोन महिने काळ्या मातीवरून त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक पिवळी वेचून काढली होती, आणि मोतीबिंदू झालेल्या त्यांच्या डोळ्यांना जी दिसली नाही तिच्यासाठी सगळं रान मोकळं करून दिलं होतं. मातकटांना आता खायला भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही. कस्तुराची नजर तिखट. त्याचं पोट त्यावर चालतं, मातीवरची मातकटही त्याला सापडली असती. पण कस्तुराचा दगड सरांनी हलवला होता. नळाजवळची ती लख्ख जागा त्यांना बसल्या जागेवरून दिसत होती.

ते उठून डेलियाकडे गेले. पानाखाली हात घातला. मातीच्या रंगाच्या, देठाच्या सालीच्या रंगाच्या, एकीला एक लागून किती होत्या ते त्यांनी मोजलं नाही. कळीचं देठ बुडातून कुरतडलेलं होतं. हात लागताच ते कलंडलं.

गड्ड्याला पुन्हा एकदा कोंब आला, बारीक, फिकट. तोही गेला. मग पावसाने जोर धरला. महिनाअखेरीस सरांनी खणून पाहिलं. कंद वरून शाबूत दिसला, पण उचलायला गेले तेव्हा बोटं आत गेली.

त्यांनी बोटं लगेच बाहेर काढली नाहीत. डोरीन कुंपणापाशी उभी होती. तिच्याकडे या वेळी कसलाच सल्ला नव्हता. ती म्हणाली, "चल राजा, हात धू. चहा आणलाय."

आता प्रदर्शनाला मांडायला काही नव्हतं आणि नाव द्यायलाही काही नव्हतं. जिलियनला येऊ नको म्हणून कळवावं, असं सर रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. ऑगस्टमध्ये कुजका कचरा टाकायला ते खताच्या ढिगामागे गेले. एनिडच्या हयातीत त्या बाजूला ते कधी गेले नव्हते. तिथे चिवट गवतात, ढिगाच्या उबेला धरून, एक बुटकं झाड होतं. पानं जाड, खरखरीत. त्याला एकच फूल, एकेरी पाकळ्यांचं, नाण्याएवढं नाही म्हणता येणार पण बशीएवढंही नाही. रंग विटेसारखा, आणि पाकळीच्या अगदी मुळाशी, नीट वाकून पाहिलं तर, दुधाच्या चहाचा.

एनिड निवडायची, पण निवडून उरलेली रोपटी तिला टाकवायची नाहीत. "ढिगामागे लावून देते," ती म्हणायची. "जगलं तर जगलं." तिने नापास केलेल्यांपैकी एक, किंवा तशाच एखाद्याचं पोर, इथे कोणी पाणी न घालता, कोणी न जपता, थंडी काढून उभं होतं. गोगलगाईंनी पान कुरतडून पाहिलेलं दिसत होतं. चव पसंत पडली नसावी.

सरांनी ते एक फूल तोडलं.

प्रदर्शनात वर्ग असतात, आणि वर्गाला नियम. स्वतः तयार केलेल्या जातीची फुलं तीन लागतात, एका मापाची. सरांनी हिरव्या फुलदाणीत आपलं एक फूल ठेवलं. शेजारी ताटाएवढे डेलिया, माना ताठ. नोंद करणाऱ्या बाईंनी विचारलं, "जातीचं नाव?"

"अजून नाही," सर म्हणाले.

परीक्षक परगावचे होते. दुपारी दारं उघडली तेव्हा फुलापुढे एक छोटं पांढरं कार्ड होतं. 'नियमात बसत नाही.' क्लिफर्ड खांबाआड उभा होता.

"मी त्यांना म्हटलं, सर," तो पुटपुटला. "पण एकाला तीन कसं म्हणणार?"

"बरोबर आहे, क्लिफर्ड. पूर्ण गुण."

जिलियन स्टेशनवरून थेट आली होती, खांद्याला बॅग तशीच. तिने फूल पाहिलं, कार्ड वाचलं, पुन्हा फूल पाहिलं. आणि तिचे खांदे हलू लागले. एनिड अशीच हसायची. आधी आवाज नाही, नुसते खांदे, आणि मग अडवून ठेवलेलं हसू नाकातून फुस्सकन बाहेर. सर त्या फुस्सची वाट पाहत राहिले. पण जिलियनला शेवटी खोकला आला, कोरडा, मास्तरकी खोकला. खांदे एनिडचे होते. खोकला त्यांचा होता.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही."

"आईचं ते हेच का?"

"नाही. ते गेलं." सरांनी फुलदाणी उचलली. "तसं पुन्हा येणार नाही. हे तिच्याकडचंच आहे, पण वेगळं आहे."

संध्याकाळी दोघं टेकडीवर गेली. सरांना एक काम करायचं होतं. खोपटामागचा चपटा दगड दोघांनी ढकलत, थांबत, धापा टाकत नळापाशी आणला. फाटकाशी क्लिफर्ड कुलूप लावत होता.

"सर, तो सुटा दगड..."

"बसवतोय रे मी. सुटा राहणार नाही."

क्लिफर्डने थोडा विचार केला. "मी पाहणीला मार्चमध्येच येतो," असं म्हणून तो निघून गेला.

"कस्तुर येईल?" जिलियनने विचारलं.

"कोणी सांगावं."

कस्तुर त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. पण त्या दुसऱ्या दिवशी जिलियन थर्मास उघडत असताना दगडाच्या कडेने एक गोगलगाय वर चढली. पिवळी. माळावर नेताना कशी कोण जाणे राहून गेलेली. पाठीवर लाल ठिपका, निम्मा खरवडला गेलेला.

सवयीने सरांचा हात पुढे गेला. करड्या दगडावर ती लांबूनही ओळखू आली असती. सरांनी हात मागे घेतला, आणि ती पलीकडे उतरेपर्यंत दोघं चहा पीत तिच्याकडे पाहत बसली.